मास्तरांची कमाई आणि सेमाडोहचा एक अर्ज

गेल्या शिक्षक दिनाला परतवाड्यात एका सत्काराच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. मंचावर हार, शाली, श्रीफळे. प्रमुख पाहुण्यांनी पाऊण तास भाषण केले. शिक्षकी हा पेशा नाही, ते व्रत आहे. शिक्षकाने पगाराकडे बघू नये, विद्यार्थ्याच्या डोळ्यांतली कृतज्ञता हाच त्याचा पगार, असा एकूण सूर. आमच्या शेजारी मेळघाटातल्या एका शाळेवर नुकताच लागलेला शिक्षण सेवक बसला होता. आपलाच पोरगा, अंजनगावकडचा. टाळ्या त्यानेही वाजवल्या. मग आमच्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, कृतज्ञता देऊन खोलीचं भाडं चुकते काय, इचारा ना यायले."

आम्ही हसलो. पण परत येताना हे वाक्य डोक्यातून जाईना. शिक्षकाला दाम किती मिळतो, हा एक प्रश्न. आणि आयुष्यभर शिकवून शेवटी त्याच्या पदरात काय उरते, हा दुसरा. व्यासपीठावरची मंडळी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊन पहिला प्रश्न गिळून टाकतात. आम्हाला या लेखात दोन्ही प्रश्न वेगवेगळे मांडायचे आहेत, कारण दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हाला सेमाडोहला मिळाले आणि ते त्या भाषणातल्या उत्तरापेक्षा फार निराळे आहे.

आधी दामाचे. आपल्याकडे शिकवण्याला 'विद्यादान' म्हणतात. हा शब्द आम्हाला कधीच पटला नाही. दान वरचा माणूस खालच्याला देतो आणि घेणारा जन्मभर मिंधा राहतो. शिक्षण हा हक्क असेल तर ते देणारा दाता होऊ शकत नाही, तो काम करणारा माणूस आहे आणि कामाला दाम लागतो. 'व्रत' शब्दाचीही तीच गत. व्रत म्हटले की उपास आलाच. महाराष्ट्र सरकारने २००० साली शिक्षण सेवक योजना आणली तेव्हा हा उपास सरकारी कागदावर चढला. तीन वर्षे शिक्षकाचेच काम, पण पगार नाही, मानधन. प्राथमिकला ते महिन्याला ३,००० रुपये होते. पुढे ६,००० झाले आणि २०२३ पासून १६,०००. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ डी.एड. झालेल्या माणसाला आपण शेतमजुराच्या आसपासच्या रकमेवर राबवले आणि त्या रकमेला नाव दिले 'मान-धन'. शब्दातला मान त्यांचा, धन मात्र कुणाचेच नाही.

१ नोव्हेंबर २००५ नंतर जो लागला त्याला जुनी पेन्शन नाही. अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली, त्यानंतर थेट २०२३ ला. मधल्या वर्षांत आमच्या ओळखीची कितीतरी पोरे वयाची अट ओलांडून गेली. कुणी टाइल्स बसवतो, कुणी परतवाडा-अमरावती ऑटो चालवतो. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची आणि आश्रमशाळांत रोजंदारीवर, तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची कहाणी याहून वाईट. खाजगी संस्थेत लागायला किती लाख लागतात हे विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आम्ही नव्याने काय सांगावे. बाबासाहेबांनी १९३६ साली पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष होते. ज्याच्या हातात खडू आहे तोही मजूरच, हे आपल्या शिक्षक संघटनांना पटेल तो सुदिन.

हे एवढे बोलून झाल्यावरच आम्ही दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. कारण पगार वेळेवर मिळाला, पेन्शन मिळाली, तरी तो प्रश्न शिल्लक राहतोच. तीस-पस्तीस वर्षे वर्गात घालवलेल्या माणसाला त्यापलीकडे काय मिळते?

सेमाडोहला आम्ही वनहक्काच्या दाव्यांच्या कामासाठी जातो. पर्यटकाला सेमाडोह म्हणजे वाघ. परतवाड्याहून घटांगमार्गे घाटातून उतरले की सिपना नदी, साग, वनखात्याचे पर्यटन संकुल आणि पहाटे निघणाऱ्या जिप्सी गाड्या. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ चा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. पण त्या जंगलात माणसेही राहतात, आणि प्रकल्प यायच्या कितीतरी आधीपासून राहतात. कोरकू भाषेत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे. आपल्या जमातीचे नावच 'माणसे' असलेल्या लोकांना आपण कसतो ती जमीन आपली आहे हे सिद्ध करायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि कायदा आल्यावरही कागद गोळा करता करता नाकी नऊ येतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सेमाडोहच्या बाजूच्या एका वस्तीतल्या पस्तिशीच्या कोरकू शेतकऱ्याबरोबर आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. त्याचा दोनेक एकराचा दावा होता. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता सांगितले, "तुझा दावा नामंजूर झाला. जा आता." आम्ही हातात फाईल घेऊन उभे होतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, कायद्याचे पुस्तक पाठ असलेले. आम्ही मनात विनंतीचे वाक्य जुळवत होतो, "साहेब, जरा बघता का पुन्हा..." या धर्तीचे. तेवढ्यात तो शेतकरी बोलला, मोडक्या पण स्वच्छ मराठीत:

"साहेब, लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"नामंजूर केला ते. आणि कायच्यामुळे केला ते पण. तो कागद भेटल्यावर माझे साठ दिवस चालू होते."

कायद्यात तसेच आहे. दावा फेटाळला तर कारणासह कळवावे लागते आणि वरच्या समितीकडे दाद मागायला साठ दिवस मिळतात. साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. त्या दिवशी कागद मिळाला नाही, दोन हप्त्यांनी मिळाला. अपील झाले, ते अजून पडूनच आहे. तेव्हा ही विजयाची गोष्ट आहे असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. पण त्या खोलीत न वाकता उभा राहिलेला माणूस तो होता, आम्ही नव्हतो.

बाहेर चहा पिताना आम्ही विचारले, कितवी शिकला? सातवी. मग हे 'लिहून द्या' कुठून आले? तो लाजला. म्हणाला, शाळेत एक गुरुजी होते. कुणी रडत गेले, याने मारले, त्याने पाटी फोडली, खिचडी कमी वाढली, तर गुरुजी ऐकून घेत नसत. म्हणत, "लिहून दे." पाटीवर लिहायचे. काय झाले, कुणी केले, तुला काय पाहिजे. मराठी शब्द आला नाही तर कोरकू शब्द लिहायचा, पण लिहायचाच. लिहिलेल्या प्रत्येक तक्रारीचा निकाल गुरुजी त्याच दिवशी लावत, आणि निकालही पाटीवर लिहून देत. एकदा पोरांनी गुरुजींविरुद्धच तक्रार लिहिली, की तुम्ही सोमवारी उशिरा आलात. गुरुजींनी तिच्याखाली लिहिले, बस बंद पडली, तरी चूक कबूल.

आम्ही बी.एड.ची पुस्तके चाळली आहेत. असा पाठ कुठल्या पुस्तकात पाहिल्याचे आठवत नाही.

त्या गुरुजींना शोधायला आम्हाला वेळ लागला. ते दर्यापूर तालुक्यातले, आपल्याच समाजातले, निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेले. मेळघाटची नेमणूक म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा असे तेव्हा मानत (आताही मानतात, फक्त बदलीसाठी वशिला ऑनलाइन लावावा लागतो). गुरुजी अकरा वर्षे तिथेच राहिले, गावातच खोली करून. पावसाळ्यात सिपनेला पूर आला की आठ-आठ दिवस खाली उतरता येत नसे. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि कपाटात प्रशस्तिपत्रे दोन. एक निवडणूक ड्युटीचे, दुसरे पल्स पोलिओचे. शिकवण्याचे एकही नाही.

आम्ही मोठ्या उत्साहाने कार्यालयातला प्रसंग सांगितला. त्या शेतकऱ्याचे नाव सांगितले. गुरुजी कपाळाला हात लावून बराच वेळ आठवत बसले. मग म्हणाले, "तो व्हय? तो तं मांगं बसे. बोलेच ना. मले वाटे, याच्या डोक्यात काईच जात नाई." त्यांना दुसराच एक मुलगा आठवत होता, फार हुशार, ज्याच्यावर त्यांनी जीव लावला होता. तो दहावीनंतर कुठे गेला, त्यांना माहीत नव्हते.

आमच्या मते शिक्षकाच्या कमाईचे खरे स्वरूप या प्रसंगात आहे. ती कमाई भलत्याच ठिकाणी, भलत्याच माणसात, वीस वर्षांनी उगवते, आणि शिक्षकाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. डोळ्यांतली कृतज्ञता वगैरे भाषणात ठीक आहे. त्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत त्या दिवशी कृतज्ञता नव्हती, राग होता. आणि तो राग व्याकरणशुद्ध अर्ज होऊन बाहेर पडत होता.

आपल्या चळवळीचा इतिहास याच चालीने गेलेला आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात इंग्रज सरकारने जोतीराव फुल्यांचा शाल देऊन सत्कार केला. शिक्षणाच्या कामाबद्दलचा तो मोठाच गौरव होता आणि आपण तो अभिमानाने सांगतो. पण जोतीराव-सावित्रीबाईंना मिळालेले बक्षीस कोणते म्हणाल, तर आम्ही त्या शालीकडे बोट दाखवणार नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, १८५५ मध्ये, 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता, चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी, फुल्यांच्या शाळेत शिकणारी. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. वेद जर आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल तिने केला. इमारतींच्या पायात जिवंत गाडल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहिले, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांबद्दल लिहिले. हे मुक्ताला कुणी पाठ करून दिलेले नव्हते. अक्षरे शाळेने दिली, दुःख तिचे होते, सवाल तिचा होता. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणाऱ्यांना नेमकी याचीच भीती होती. मुलगी 'ग म भ न' गिरवते याची नव्हे. ती उद्या 'आमचा धर्म कोणता' असे छापील विचारेल, याची.

मुक्ताचा निबंध निदान फुल्यांच्या हयातीत आला. सगळ्यांच्या नशिबी तेवढेही नसते. कृष्णराव अर्जुन केळुस्कर हे बाबासाहेबांचे वर्गशिक्षक नव्हते. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेला पडला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीसाठीही त्यांनीच खटपट केली. शिष्यवृत्तीचे फळ केळुस्करांनी डोळ्यांनी पाहिले. भीमराव बॅरिस्टर झाला, डॉक्टर झाला, गोलमेज परिषदेला गेला. पण पुस्तकाचे फळ? केळुस्कर १९३४ ला वारले. नागपूरची दीक्षाभूमी १९५६ ची. मधे एकोणपन्नास वर्षे. एका मास्तराने एका पोराला दिलेल्या पुस्तकातून लाखो माणसांचे धर्मांतर उगवले आणि देणाऱ्याला ते कधी कळलेच नाही.

जॉन ड्यूई यांचेही तसेच. कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी त्यांच्याकडून घेतलेला लोकशाहीचा विचार १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या न होऊ दिलेल्या भाषणात नावानिशी येतो, आपले शिक्षक म्हणून ऋण मान्य करून येतो. ५ जून १९५२ ला कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली. त्या प्रवासात ड्यूईंना भेटायची त्यांची फार इच्छा होती. ड्यूई १ जूनला गेले. बाबासाहेबांनी माईसाहेबांना पत्रात आपले सारे बौद्धिक जीवन या माणसाचे ऋणी असल्याचे कळवले. ज्याला हे सांगायचे होते तो ऐकायला उरला नव्हता.

आता यावर कुणी म्हणेल, ही तर गुरू-शिष्य परंपराच झाली. अजिबात नाही, आणि या ठिकाणी आमचा स्पष्ट मतभेद आहे. गुरू-शिष्य परंपरेत कमाई गुरूची असते आणि ती रोख वसूल होते. द्रोणाचार्याने एकलव्याला शिकवलेही नव्हते, तरी दक्षिणा घेतली, तीही अंगठ्याची, म्हणजे ज्या हाताने शिकलेले दाखवायचे तो हातच निकामी केला. आपल्या देशाचा विनोद असा की उत्तम प्रशिक्षकाला सरकार द्रोणाचार्य पुरस्कार देते आणि आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना एकलव्याचे नाव देते! दोन्ही नावे एकाच सरकारच्या यादीत सुखाने नांदतात. कुणालाच खटकत नाही. अंगठा मागणाऱ्याच्या नावे शाल, आणि अंगठा देणाऱ्याच्या नावे वसतिगृह.

तथागतांची रीत याच्या उलट होती. महापरिनिर्वाणाच्या आधी आनंदाला त्यांनी सांगितले की तथागताजवळ आचार्याची बंद मूठ नाही, शिष्यापासून राखून ठेवलेले काही नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मोक्षदाता आणि मार्गदाता हा फरक मांडला. वाट दाखवायची, चालायचे ज्याचे त्याने. मार्गदात्याला दक्षिणा मागताच येत नाही, कारण चाललेला माणूस कुठल्या कुठे पोहोचलेला असतो.

इथपर्यंत वाचून आपल्यातले शिक्षक बांधव खुश झाले असतील. त्यांच्यासाठी पुढचा भाग थोडा कडू आहे.

डी.एड. आणि शिक्षकाची नोकरी ही वऱ्हाडातल्या आपल्या समाजाची पहिली मोठी शिडी. आपल्या कितीतरी घरांतला पहिला पगार जिल्हा परिषदेच्या शाळेतून आला. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर, पोरांची ट्युशन अमरावतीला, आणि नोकरी मेळघाटात. आम्ही यातल्या अनेकांना ओळखतो, काही आमच्या नात्यातले आहेत. परतवाड्याहून अप-डाऊन करतात. येऊन-जाऊन शंभराच्या आसपास किलोमीटर, म्हणून शाळा अकराला भरते आणि तीनला मिटते. त्यांची अडचण आम्हाला कळते. खोल्या नाहीत, बायकोची नोकरी खाली, पोरांची शाळा खाली. तेवढ्यावर आम्ही कुणाला फासावर चढवणार नाही.

पण एकदा आपल्याच एका शिक्षकाने आमच्यासमोर म्हटले, "या लोकायले शिकून काय करायचं हाय? यायले मोहाची भेटली की झालं. होळी आली की महिनाभर शाळेत कुत्रं येत नाई." जय भीम म्हणून हात मिळवल्यावर दहा मिनिटांनी. आम्ही त्यांना विचारले, तुमच्या आज्याबद्दल गावचा मास्तर काय म्हणत होता? ते गप्प झाले. शब्द तेच होते, फक्त मोहाच्या जागी ढोराचे मांस होते. ज्याला वर्गाबाहेर बसवले त्याचा नातू आज वर्गाच्या आत खुर्चीवर बसून दुसऱ्या कुणाला मनातून बाहेर बसवतो, यापेक्षा बाबासाहेबांचा मोठा पराभव कोणता? १८ मार्च १९५६ ला आग्र्याला शिकलेल्यांनी धोका दिल्याचे दुःख त्यांनी बोलून दाखवले, ते आपण जयंतीला ऐकवतो. ते आपल्याला लागू आहे असे मात्र धरत नाही.

आणि शाळेत कुत्रे का येत नाही, तेही बघा. दिवाळीनंतर मेळघाटातली कुटुंबे हरभरा सोंगायला, कापूस वेचायला, वीटभट्टीवर खाली उतरतात आणि होळीला परततात. पोरे बरोबरच जातात, कारण घरी कुणी नसते. तो आळस नव्हे, ती मजुरी आहे. आपल्याच अचलपूर, अकोट, दर्यापूरच्या शेतांवरची.

वर भाषेचा प्रश्न. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली भाषा, संथाली-मुंडारीची बहीण. पहिलीतल्या पोराला चित्रात पाणी दाखवले तर ते 'डा' म्हणते. वाघ दाखवला तर 'कुला'. आकडे विचारले तर मिया, बारी, अफई. बरोबर उत्तर देऊनही ते नापास होते, आणि दोन वर्षांत ते उत्तरच द्यायचे सोडून देते. मागच्या बाकावर बसणारा, न बोलणारा मुलगा असा तयार होतो. संविधानाच्या ३५०-क कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीचे सांगितले आहे, शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषा असे शब्द आहेत. ते 'शक्य तिथवर' सेमाडोहच्या घाटाच्या अलीकडेच संपते.

आम्ही स्वतः काय दिवे लावले, तेही सांगतो. एका ३ जानेवारीला त्या भागातल्या एका शाळेत आम्ही सावित्रीबाईंवर बोललो. पाऊण तास. 'पितृसत्ता', 'सांस्कृतिक वर्चस्व', काही सोडले नाही. पोरे शांत बसली होती, आम्हाला वाटले तल्लीन झाली. शेवटी विचारले, काही प्रश्न? एक मुलगी उभी राहिली आणि कोरकूत काहीतरी बोलली. आम्ही शिक्षकांकडे पाहिले. त्यांनाही येत नव्हते. वर्गातल्याच एका मुलाने सांगितले, "ती विचारते, तुम्ही जेवण करून जाता का आताच जाता." पाऊण तासात तिला आमच्याकडून कळण्यासारखी ती एकच गोष्ट उरली होती.

दर्यापूरच्या गुरुजींना आम्ही हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "म्या त्यायले मराठी शिकवाच्या आंधी त्यायनं मले कोरकू शिकवली. पयले सहा मयने म्याच विद्यार्थी होतो. लेकरं लय खुश होत, मास्तरचं चुकलं की." 'लिहून दे'ची युक्तीही त्यातूनच निघाली. पोरे भराभर कोरकूत तक्रार सांगायची, यांना अर्धे कळायचे नाही, म्हणून म्हणाले, बाबा, लिहून दे, मी सावकाश वाचतो. म्हणजे ज्या सवयीने वीस वर्षांनी एका साहेबाची मान वर झाली, तिचा उगम मास्तरच्या अज्ञानात होता. अज्ञान कबूल करायला मास्तर लाजला नाही, एवढाच फरक.

आम्ही त्यांना विचारले, एवढ्या वर्षांचा पस्तावा काही? ते म्हणाले, बदली झाली तेव्हा पोरांना नीट सांगून येता आले नाही. आदेश शनिवारी आला, सोमवारी हजर व्हायचे होते. त्यांच्यानंतर तिथे दीड वर्ष कुणी कायम शिक्षक आला नाही. आता तर वीसच्या आत पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करायचे २०२३ पासून घाटते आहे. मेळघाटच्या वस्त्यांत वीसचा पट आणायचा कुठून, आणि सहा वर्षांचे पोर जंगलातून पाच किलोमीटर जाणार कसे, हे अमरावतीला बसून कळत नाही. शाळा बंद करायची आणि मग शिक्षक दिनाला व्रताचे भाषण करायचे.

२०२२ मध्ये सरकारने फर्मान काढले होते, प्रत्येक वर्गात शिक्षकांचे फोटो लावा, 'आपले गुरुजी' म्हणून. नेमलेला शिक्षकच शिकवतो की भाड्याचा माणूस, हे कळावे म्हणून. बऱ्याच संघटना चिडल्या आणि ते बरोबरच होते. हा अविश्वास अपमानकारक आहे. पण आम्हाला राहून राहून वाटते, सेमाडोहच्या त्या वस्तीत दर्यापूरच्या गुरुजींचा फोटो कुठल्याच भिंतीवर नाही, आणि तरी त्यांचे एक वाक्य कार्यालयात जाऊन उभे राहते.

यात आपल्या चळवळीचेही मोजमाप तपासून बघण्यासारखे आहे. आपण सत्कार कुणाचे करतो? पोरगा क्लास वन झाला की त्याच्या शिक्षकाला बोलावतो, शाल देतो. बाकीच्या शिक्षकांचे काय, ज्यांची पोरे सातवीला शाळा सोडून शेतीला लागली? दर्यापूरच्या गुरुजींच्या हातून एकही अधिकारी घडला नाही, म्हणून त्यांना कुठल्या समितीने कधी बोलावले नाही. एक नामंजूर दाव्याचा शेतकरी 'लिहून द्या' म्हणतो याला सत्काराच्या यादीत रकानाच नाही. जे तरुण आज अभियोग्यता चाचणीच्या निकालाची वाट बघत आहेत, त्यांना आम्ही हे सांगू: पगारासाठी भांडा, पेन्शनसाठी भांडा, आम्ही बरोबर येऊ. आणि मेळघाटची ऑर्डर आली तर पहिल्या दिवशी वशिला शोधायला निघू नका. पहिले सहा महिने विद्यार्थी होऊन बघा.

या पावसाळ्याआधी आम्ही पुन्हा सेमाडोहला गेलो होतो. अपिलाची तारीख लागली की नाही ते बघायला. तो शेतकरी भेटला. गुरुजींचा नंबर आमच्याकडे होता. गावात नेटवर्क एका ठरावीक जागी उभे राहिले तरच येते, तिथे जाऊन आम्ही फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. पाच-सात मिनिटे दोघे कोरकूत बोलले. आमच्या वाट्याला त्यातले मिया, बारी एवढेच शब्द आले. बोलता बोलता तो एकदम सरळ उभा राहिला, वर्गात राहतात तसा, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यावरचा नंबर फोनमध्ये वाचून दाखवू लागला.

फोन ठेवल्यावर आम्ही विचारले, काय म्हणाले गुरुजी?

"विचारत होते, अपील दिलं तर पावती घेतली का."